पंच क्रमांक सात

एल.एल.एम. झाल्यावर मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ कुणालाच नीट ठाऊक नव्हता. आई शेजारणींना सांगायची, "अजून शिकतेय, मोठं कायतरी." ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. सकाळी मी भिवंडीतच कॉलेजात तासांवर शिकवायचे आणि दुपारी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसायचे. माझा विषय होता पंचनामा. पोलिसांनी झडती घेतली, माल जप्त केला, की तिथे दोन पंच हजर असावे लागतात. कायदा म्हणतो, ते त्या भागातले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी असावेत. प्रत्यक्षात हे पंच कोण असतात, साक्षीच्या पिंजऱ्यात काय बोलतात आणि त्यावरून खटल्याचं काय होतं, हे मला निकाली निघालेल्या जुन्या कागदांवरून शोधायचं होतं.

रेकॉर्ड रूमला एकच खिडकी होती आणि तिच्या मागच्या गल्लीत कापड विणायचे लूम होते. त्यांचा खडखडाट इतका सवयीचा झाला होता, की शुक्रवारी ते बंद असले की मला वाचायला सुधरायचं नाही. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे कारकून काढून द्यायचे. निवृत्तीला आलेले गृहस्थ, शांत, पण गठ्ठ्याची गाठ त्यांच्यासारखीच बांधली नाही तर रागवायचे. मी एकेका खटल्याचं एकेक कार्ड करायचे. मुंबईचे माझे मार्गदर्शक सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "कार्डावर पंचांची नावं लिहायची नाहीत. नावाला नंबर द्या, यादी वेगळ्या वहीत ठेवा. एकच नंबर पुन्हा पुन्हा येतो का, तेवढं बघायचं."

त्या यादीतला सातवा माणूस माझे वडील होते.

सही मी लगेच ओळखली. ते रात्रीच्या शाळेत लिहायला शिकले होते. आधी सगळी अक्षरं काढायची आणि मग वरून एकच लांब रेघ ओढायची, फ्रेमची पट्टी कापावी तशी सरळ. पहिल्यांदा ती सही त्या पिवळ्या कागदावर दिसली तेव्हा मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसं. मग दुसऱ्या गठ्ठ्यात दिसली. मग तिसऱ्या. उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत 'पंच क्रमांक सात'च्या कार्डांची चवड बोटभर जाड झाली होती.

ते साक्षीला जातात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं तसबिरींच्या फ्रेमांचं दुकान होतं, पोलीस चौकीच्या भिंतीला लागून उभं केलेलं, फळ्यांचं. गणपती, मक्का-मदिना, बुद्ध, लोकांच्या लग्नाचे आणि मेलेल्यांचे फोटो, सगळं एकाच भिंतीवर. बनियनवर बसून ते काच कापत. हवालदार फळीवर टकटक करायचा आणि म्हणायचा, "फ्रेमवाले, चला जरा." बाबा काच कापायचा हिरा खाली ठेवायचे, खुंटीवरचा पांढरा शर्ट चढवायचे, भांग पाडायचे आणि जायचे. मी शाळेत सांगायचे, माझ्या बाबांना कोर्टात बोलवतात. एका मुलीने विचारलं होतं, "काय चोरलं त्यांनी?" तिच्याशी मी वर्षभर बोलले नव्हते.

मग ते शेलार गावचं कार्ड झालं. एका लूम कामगाराच्या खोलीतून चोरीचे कापडाचे तागे मिळाले, खाटेखालून काढले, असा पंचनामा. सकाळी अकरा ते साडेबारा, जागा शेलार. पंच दोन, त्यातले एक बाबा. मी तारीख कार्डावर उतरवली आणि माझा हात थांबला. ती तारीख मला पाठ होती. त्या दिवशी एल.एल.बी.चा कराराच्या कायद्याचा माझा पेपर होता आणि मी तो दिला नव्हता, कारण ठाण्याला आईचं ऑपरेशन होतं. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत मी आणि बाबा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होतो. ते पाणी प्यायलाही उठले नव्हते.

मी पुढचे कागद उलटले. साक्षीत लिहिलं होतं, मी स्वतः हजर होतो, माल आरोपीच्या खाटेखालून काढताना मी पाहिला. खाली ती लांब रेघेची सही. निकालात न्यायाधीशांनी म्हटलं होतं, की पंचाची साक्ष उलटतपासणीत डगमगलेली नाही. सहा महिने सक्तमजुरी.

"बाई, बरं वाटत न्हाय का?" कारकुनांनी विचारलं.

मी उकाड्याचं कारण सांगितलं आणि गठ्ठा बांधला. गाठ चुकली. त्या दिवशी ते रागावले नाहीत.

बाबांना विचारायला मला पंधरा दिवस लागले. घर दोन खोल्यांचं, त्यात आम्ही सहा जण, कुणाशी एकट्याने बोलायचं तर बाहेर पडावं लागे. शेवटी सरांनी मंजूर केलेली छापील प्रश्नावली हातात घेऊन मी दुकानात गेले. नाहीतरी नेहमीच्या पंचांच्या मुलाखती मला घ्यायच्याच होत्या. बाबा एका मोठ्या फोटोच्या पाठीला पुठ्ठा ठोकत होते. त्यांनी स्टूल पुढे केलं. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून मी त्यांना कायद्याचं कलम वाचून दाखवलं.

"प्रतिष्ठित म्हंजे?"

"मान असलेला. ज्याच्या शब्दाला चार माणसांत वजन आहे असा."

"असं कायद्यात लिवलंय?"

"हो."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "मला कुनी कवा वाचून न्हाय दाखवलं," ते म्हणाले.

हळूहळू ते बोलायला लागले. माझे आजोबा अंजूरकडच्या एका गावात राहायचे. तालुक्याहून सरकारी माणूस आला, की आजोबांना हाक यायची. वळकटी उचल, पुढच्या गावाला जाऊन सांगून ये, घोड्याला चारा टाक. हातातलं काम टाकून जावं लागे. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबा गाव सोडून भिवंडीला आले ते त्या हाकेला कंटाळून. "आनि इथं दुकान टाकलं," ते म्हणाले, "तर पयल्यांदा चौकीत बोलावलं, तवा सायबानं बसा म्हनलं. खुर्चीवर. कपात चा दिला, सगळे पीत व्हते त्याच कपात. म्हनला, तुमच्या सहीवर काम अडलंय. त्या दिवशी मी घरी येताना जिलबी आनली व्हती. तू ल्हान व्हतीस."

"मग?"

"मग काय. पाच-धा वेळा झाल्यावर खुर्ची गेली. मग जागेवर नेनं पन गेलं. कागद चौकीत तयार असायचा, नायतर हितंच यायचा, दुकानात. बापाला निदान ठावं व्हतं का ही वेठ हाय. मला समजायला धा वरसं लागली."

"नाही का म्हणाला नाहीत?"

त्यांनी मागच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं. चौकीची भिंत. "दुकान कुनाच्या आधारानं उभं हाय, बाय?"

नाही म्हणणंही कायद्यात सोपं नव्हतं हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. लेखी हुकूम दिल्यावर योग्य कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणं हाच गुन्हा आहे. त्यांना मात्र लेखी हुकूम कधी कुणी दिलाच नव्हता. फळीवरची टकटक पुरायची.

मी म्हणाले, "शेलारच्या केसमध्ये, बाबा, त्या दिवशी आईचं ऑपरेशन होतं."

त्यांनी पुढचा खिळा घेतला. दोन खिळे ठोकून झाले. "दुसऱ्या दिवशी सही केली," ते म्हणाले. "दवाखान्यात डबा घेऊन निघालो व्हतो, तवा. दोन वरसांनी समन्स आला. कोर्टाच्या व्हरांड्यात कागद वाचाया दिला, मी वाचला, तसाच आत बोललो."

"तो माणूस सहा महिने आत गेला."

"म्हाईत हाय."

तेवढ्यात एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आली. बाबांनी तिला पट्ट्यांचे नमुने दाखवले, काळी की सोनेरी विचारलं. मी प्रश्नावली तशीच कोरी घेऊन परत आले.

त्यानंतर मी शेलारला गेले. तो कामगार सुटून पुन्हा तिथेच दुसऱ्या कारखान्यात लागला होता. मुकादमाला मी कॉलेजचं पत्र दाखवलं. आत बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही शेडच्या मागे उभे राहिलो. त्याच्या भुवयांवर कापसाची भुकटी बसली होती आणि तो माझ्याच वयाचा होता. मी त्याला म्हातारा समजून गेले होते, का ते सांगता येत नाही.

"लिखने का काम है? तो लिखो," तो म्हणाला. "माल टेम्पो में था, बहनजी. मेरी खोली में कोई आया ही नहीं. वो जो पंच थे, उनको तो मैंने पहली बार कोर्ट में देखा. सफेद शर्ट पहने थे. मैंने सोचा, शरीफ आदमी है, सच बोल देगा."

मी लिहून घेत होते. पेन चालत होतं एवढंच.

"गाँव में अब्बा को खबर लग गई," तो पुढे म्हणाला. "तब से घर नहीं गया. आपके लिखने से मेरा केस खुलेगा?"

मी म्हणाले, "पता नहीं."

तो पंच माझा कोण, हे मी सांगितलं नाही. अगदी ओठांवर आलं होतं. मुकादमाने आतून हाक मारली, त्याची शिफ्ट चालू होती. जाताना त्याने टपरीवाल्याला हाताने खूण केली, मॅडमला चहा दे म्हणून. मी तो चहा प्यायले.

पावसाळ्यानंतर बाबांना आणखी एका खटल्यात समन्स आला. पंच कसे साक्ष देतात ते प्रत्यक्ष बघून टिपणं काढणं हा माझ्या कामाचाच भाग होता, त्यामुळे मी कोर्टात मागच्या बाकावर होते. बाबांनी मला पाहिलं. शपथ झाली, पंचनाम्याची ओळख पटवून झाली, सही माझीच म्हणून झालं. मग आरोपीचे वकील उठले. तरुण होते, नुकतीच वकिली सुरू केलेली असावी.

"यापूर्वी किती केसेसमध्ये तुम्ही पंच होता?"

"आठवत न्हाय."

"दोन? दहा? पन्नास?"

"न्हाय आठवत, साहेब."

"पोलीस चौकीला लागून दुकान आहे ना तुमचं?"

"हाय."

"आणि आकडा आठवत नाही?"

त्या अख्ख्या दालनात आकडा एकाच माणसाला ठाऊक होता. तो माझ्या मांडीवरच्या पिशवीत, रबर लावलेल्या कार्डांत होता. मी उठून बोलू शकत नव्हते. प्रेक्षकाला तिथे आवाज नसतो, आणि असता तरी मी काय बोलले असते? बापाला खोटं पाडलं असतं, की गप्प बसून वकिलाला? मी पिशवीच्या चेनवर बोटं घट्ट दाबून बसले. वकिलांनी पुढचा प्रश्न घेतला. बाबा पिंजऱ्यातून उतरले आणि माझ्या बाकाजवळून, माझ्याकडे न बघता, बाहेर गेले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "किती हायेत?"

मी आकडा सांगितला. आई वाढायची थांबली.

"ती कार्डं मला देशील?"

मी दिली. पुढचे आठ दिवस दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते दुकानात ती वाचत बसत. काचेवर खुणा करायची त्यांची जाडी लाल पेन्सिल होती, तिने त्यांनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात खूण केली. जिथे ते खरंच हजर होते तिथे उभी रेघ. जिथे चौकीत किंवा दुकानात सही केली तिथे गोल. जिथे आठवत नव्हतं तिथे काहीच नाही. गोल जास्त होते. हे काम माझ्या हातून कधीच झालं नसतं. कागदांवरून फक्त संशय घेता येतो. संशोधक म्हणून मला त्यापेक्षा मोठं काही मिळण्यासारखं नव्हतं, आणि त्यातलं एकही अक्षर मला वापरता येण्यासारखं नव्हतं.

कार्डं परत देताना त्यांनी शेलारचं वेगळं काढून वर ठेवलं होतं. "ह्याची केस परत उघडता यील का?"

मी ओळखीच्या एका वकिलीणबाईंना, असं झालं तर काय, अशा बेताने विचारून आले होते. अपील उशिरा करता येईल, उशीर माफ करून घ्यावा लागेल, पंचाने प्रतिज्ञापत्र दिलं तर काही आशा. पण मग खोटी साक्ष दिली म्हणून पंचावरच खटला होऊ शकतो. मी हे सगळं बाबांना जसंच्या तसं सांगितलं.

"मी देतो लिहून," ते म्हणाले.

"तुम्हाला आत टाकतील, बाबा."

"टाकू दे. सहा म्हयने तर सहा म्हयने."

मी आईचं नाव घेतलं, धाकट्या भावंडांचं नाव घेतलं, दुकानाचं घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले होते, त्यांनी दारातच विचारलं, "कागद कवा करायचा?" आणि मी म्हणाले, "माझं काय होईल त्याचा विचार केलाय का? खोट्या साक्षीच्या केसमधल्या माणसाची मुलगी म्हणून मी कायदा शिकवू?"

ते मग म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. इतकी वर्षं ते ज्यात अडकले होते तिथून बाहेर पडायची वाट त्यांनी स्वतः शोधली होती आणि ती चौकीतल्या कुणी नाही, मी बंद केली. त्या सकाळी तीन तास मी वर्गात साक्षीपुराव्याचा कायदा शिकवला. काय शिकवलं ते आठवत नाही.

सरांना मी एवढंच सांगितलं, की क्रमांक सात माझ्या नात्यात आहे. ते म्हणाले, "मग त्याच्यावरचं प्रकरण गाळा. तक्त्यांतले आकडे राहू देत. कुणाचं काही बिघडत नाही." मला सुटल्यासारखं वाटलं आणि जिना उतरताना त्या सुटकेची शरम वाटली.

मधल्या काळात शहरात दंगलींची धास्ती होती, कॉलेज मध्येच बंद असायचं, काम रेंगाळलं. प्रबंध जमा करायच्या आधी मी एकदा शेलारला गेले. काय सांगायला, ते ठरलं नव्हतं. ज्या शेडमागे आम्ही उभे होतो तिथे मालक बदलला होता, जुने लूम भंगारात गेले होते. तो कामगार कुठे गेला हे कुणालाच नक्की सांगता येईना. कुणी सुरत म्हणालं, कुणी मालेगाव. त्याच्या गावाचं नाव मी त्या दिवशी विचारलंच नव्हतं. मुलाखतीच्या कागदावर ती जागा रिकामी आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला पदवी मिळाली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा तक्त्यांतला क्रमांक सात, त्याला तुम्ही प्रत्यक्ष भेटलात?"

"हो, सर."

"काय म्हणाला?"

"नाही म्हणता येत नव्हतं, म्हणाला."

"अपेक्षितच आहे," ते म्हणाले आणि पान उलटलं.

आईने गल्लीत पेढे वाटले. बाबांनी माझ्या पदवीच्या कागदाला स्वतः फ्रेम केली, आणि धामणकर नाक्याजवळच्या आमच्या घरात ती लावताना खिळा दोनदा वाकडा गेला.

पुढे रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा दुकान गेलं. चौकीही हलली. मला वाटलं होतं, आता हे संपेल. पण जुन्या खटल्यांचे समन्स घरच्या पत्त्यावर येतच राहिले. कुठले तरी सात-आठ वर्षांपूर्वीचे तागे, कुठली तरी सायकल, कुठला तरी सुरा. प्रत्येक वेळी बाबा पांढरा शर्ट घालून निघायचे आणि मी कॉलेजातून रजा घेऊन बरोबर जायचे.

"तू कशाला येतेस?" ते रिक्षात विचारायचे.

"तिकडेच काम आहे," मी सांगायचे. माझं तिकडे काही काम उरलेलं नव्हतं.

एकदा आम्ही दहा वाजल्यापासून व्हरांड्यात बसलो होतो. हवालदार नवा होता, त्याने पंचनाम्याची प्रत बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "वाचून घ्या काका, विसरला असाल." बाबांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले, एकेक ओळ, बोट ठेवून. मी शेजारी बसून तोच कागद वाचत होते. तो प्रसंग त्यांनी पाहिला होता की नव्हता, हे मी विचारलं नाही. दुपारी शिपायाने बाहेर येऊन सांगितलं, जज्जसाहेब रजेवर आहेत, सगळ्यांना पुढची तारीख. बाबांनी कागद घडी घालून परत दिला. आम्ही कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो. त्यांनी दुसरा ग्लास मागितला.